आडरानातली घरठाणे

मार्चअखेर व्हर्जिनियातल्या ब्ल्यू रिज डोंगरात अजून चांगली थंडी असते. झाडांना पालवी फुटलेली नसते, जमिनीवर गेल्या वर्षीच्या पाचोळ्याचा घोटाभर थर असतो. अशा त्या करड्या, निष्पर्ण रानात मध्येच एखाद्या ठिकाणी पिवळ्याधमक डॅफोडिलची फुले फुललेली दिसतात. विखुरलेली नव्हेत; चांगली दोन ओळींत, समोरासमोर, सातआठ हात लांब. डॅफोडिल हे काही अमेरिकेचे रानफूल नव्हे. त्याचा कांदा कोणीतरी हाताने मातीत पुरावा लागतो. आणि रानफुले ओळीत उगवत नसतात हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. जाणता भटक्या ती ओळ पाहून थबकतो, दोन ओळींच्या मधून सरळ चालत जातो आणि जिथे त्या संपतात तिथे पायाने पाचोळा बाजूला सारतो. खाली दगड लागतो. घराची पायरी!

हे डोंगर वॉशिंग्टन शहरापासून सुमारे पाऊणशे मैलांवर आहेत. त्या शहराच्या आसपास नोकरीधंद्यानिमित्त राहिलेली आपली मराठी मंडळी दर वर्षी ऑक्टोबरात, म्हणजे ऐन दसरा-दिवाळीच्या दिवसांत, मुलाबाळांना घेऊन मोटारीने तिथे जातात. डोंगराच्या माथ्यामाथ्याने १०५ मैलांचा ‘स्कायलाइन ड्राइव्ह’ नावाचा रस्ता आहे. पानगळीपूर्वी लाल, तांबूस, सोनेरी झालेली झाडी पाहायची, थर्मासमधला चहा प्यायचा, फोटो काढायचे आणि परत यायचे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी त्या झाडीपुढे उभ्या राहिलेल्या नातवंडांचे फोटो असतील. फोटोच्या मागे दिसते ते शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानाचे जवळजवळ दोन लाख एकरांचे रान. पाहणाऱ्याला वाटते, सृष्टीच्या आरंभापासून हे असेच असणार.

तसे ते नाही. आपल्याकडे शेताला ‘काळी’ म्हणतात आणि गावठाणाला ‘पांढरी’. त्या फोटोतल्या झाडांखाली पुष्कळ ठिकाणी काळी आहे आणि पांढरीही आहे. नव्वद वर्षांमागे तिथे मका उभा होता, डुकरे चरत होती, धुराड्यांतून धूर निघत होता. ती माणसे गेली कुठे आणि कशी, ही हकीकत रस्त्यावरून कळत नाही. त्यासाठी मोटार सोडावी लागते, आणि मग आखलेली पाऊलवाटही सोडावी लागते.

वाट सोडून

अमेरिकेत रानात मुक्काम करण्याचे दोन प्रकार आहेत. एक सुखवस्तू प्रकार: आखून दिलेल्या मैदानात मोटार उभी करायची, शेजारी तंबू ठोकायचा, नळ, संडास, टेबले सगळे जवळ. दुसरा प्रकार म्हणजे पाठीवर बिऱ्हाड घेऊन आत शिरायचे. यातही बहुतेक उद्यानांत मुक्कामाच्या जागा नेमून दिलेल्या असतात. शेनंडोआचे वैशिष्ट्य असे, की तिथे आत गेल्यावर जागा तुमची तुम्हीच शोधायची असते. परवाना काढावा लागतो, पण परवान्यावर ‘अमुक क्रमांकाची जागा’ असे काही नसते.

मात्र नियम आहेत, आणि ते वाचण्यासारखे आहेत. झऱ्यापासून किंवा ओढ्यापासून निदान १० यार्ड दूर. (यार्ड म्हणजे आपला जुना वार.) पाऊलवाटेपासून २० यार्ड दूर. दुसऱ्या मुक्कामकऱ्यांपासून ५० यार्ड. डांबरी रस्त्यापासून पाव मैल. एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचे नाही, दहाहून अधिक माणसांचा घोळका न्यायचा नाही, शेकोटी पेटवायची नाही. स्वयंपाक करायचा तो छोट्या स्टोव्हवर. अन्नाची पिशवी दोरीने उंच फांदीला, खोडापासून दूर टांगायची, कारण त्या रानात काळी अस्वले पुष्कळ आहेत आणि त्यांच्या नाकाला माणसाचे शिजलेले अन्न फार आवडते. या यादीतच आणखी एक नियम आहे: उभ्या इमारतीपासून आणि पडक्या अवशेषांपासून, मग ते दगडी जोते असो, धुराडे असो की ओंडक्यांची भिंत असो, तंबू ५० यार्ड दूर हवा.

निर्मनुष्य म्हणून नावाजलेल्या रानात धुराड्यापासून दूर राहण्याचा नियम करावा लागतो, यातच सारे आले.

या नियमाची गरज का पडते तेही सांगितले पाहिजे. डोंगरात घर बांधणारा माणूस काय पाहतो? हातभर सपाटी, जवळ बारमाही पाणी, आणि उत्तरेकडच्या वाऱ्याला आडोसा. तिन्हीसांजेला पाठीवरचे ओझे टाकून तंबूची जागा शोधणारा भटक्या काय पाहतो? हेच तिन्ही. नकाशावरच्या उंचीच्या रेषा जिथे जरा विरळ झाल्या तिथे त्याचे बोट जाते, तो होकायंत्र धरून काट्याकुट्यांतून तिथे पोहोचतो आणि पाहतो तो जागा दीडशे वर्षांपूर्वीच कोणीतरी पसंत केलेली! मग पिशवी पुन्हा पाठीला लावून पन्नास वार पलीकडे उतारावर, मुळांच्या गाठींवर अंग टाकणे आले.

वाट सोडणे हे धाडस आहे खरे, पण ते आंधळे धाडस नसावे. उन्हाळ्यात या घळींतून दहा वारांपलीकडचे दिसत नाही. काटेरी वेली पाय धरून ठेवतात आणि गवतातली गोचीड एक वाईट ताप देऊन जाते. शिवाय पडक्या जोत्यांच्या आणि गडग्यांच्या फटी ही तिथल्या रॅटलस्नेक आणि कॉपरहेड या विषारी सापांची आवडती घरे. आपल्याकडे कोकणात गडग्यात हात घालू नकोस म्हणून आजी बजावते, तीच शहाणपणाची गोष्ट तिथेही लागू. म्हणून जाणते लोक नोव्हेंबर ते एप्रिल हे दिवस निवडतात. पाने नसतात, साप झोपलेले असतात आणि रानाचा सांगाडा उघडा पडलेला असतो.

घर ओळखायचे कसे?

आधी वाट ओळखावी लागते. उतारावर आडवी गेलेली, दोन्ही काठ किंचित उचललेले आणि मधला भाग खचलेला अशी एखादी पट्टी दिसली, की ती जनावरांची वाट नसते. ती गाडीची चाकोरी असते. तिच्यात आता मांडीएवढ्या जाडीची झाडे उभी असतील. पण ती धरून चालत राहिले की कुठे ना कुठे घर लागतेच. गाडी कोणी रानात हिंडवायला नेत नसतो.

मग झाडे पाहायची. सरळसोट, एकाच वयाच्या ट्यूलिप पॉप्लरांची किंवा लोकस्टांची दाटी असली तर ते जुने शेत. ही झाडे मोकळ्या उन्हात आधी रुजतात. नांगर थांबला की पहिली तीच येतात. त्या उंच, सडपातळ झाडांत मध्येच एखादा ओक दिसतो, बुटका आणि चौफेर हात पसरलेला. दाट रानात वाढलेल्या झाडाला आडव्या फांद्या फुटायला जागाच नसते. तेव्हा हा गृहस्थ उघड्यावर वाढलेला. कोणाच्या तरी अंगणातले सावलीचे झाड ते. आणखी एक झाड घराची चहाडी करते. चीनमधून आलेले आणि अमेरिकेत भलतेच माजलेले ‘ट्री ऑफ हेवन’. आपल्या महारुखाचा हा चुलतभाऊ. जिथे माणसाने एकदा जमीन उकरली तिथे तो ठाण मांडतो आणि हलवता हलत नाही. उद्यानाचे रखवालदार त्याच्यावर कावलेले असतात.

सफरचंदाची म्हातारी झाडे भेटतात. त्या डोंगरांत ‘मायलम’ नावाची सफरचंदाची एक देशी जात होती. स्कायलाइन ड्राइव्हवरच्या एका खिंडीला तिच्यावरून मायलम गॅप असे नाव पडले आहे. आता छाटणी करणारे कोणी नाही, वरच्या झाडीने ऊन अडवलेले, तरी एखादी फांदी वसंतात फुलते. फळे धरली तर अस्वले खातात.

दगड तर सगळीकडे. या जमिनीत धान्यापेक्षा धोंडे अधिक पिकत. प्रत्येक नांगरटीला वर आलेला दगड उचलून बांधाला टाकायचा, असे तीनचार पिढ्यांनी केले. त्याचे छातीएवढे गडगे आणि ढीग आज दाट रानात उभे आहेत. एखाद्या गडग्यावरून हात फिरवीत चालले म्हणजे त्या घरातल्या पोरांच्या पाठी किती दुखल्या असतील याचा अंदाज येतो. जुन्या झाडाच्या खोडातून काटेरी तार आरपार गेलेली दिसते. तार झाडाने गिळलेली. म्हणजे कुंपण घातले तेव्हा ते झाड मनगटाएवढे असणार.

झऱ्याभोवती दगडांची चौकट. तिच्यावर पूर्वी लहानशी खोपी असे. बर्फासारख्या गार पाण्यात दुधाची आणि लोण्याची भांडी ठेवीत. तिथून वर चढून गेले की घर. घर म्हणजे जोते. ओंडक्यांच्या भिंती जळून किंवा कुजून गेलेल्या. पण धुराडे पुष्कळदा उभे असते, कारण ते दगडाचे. तळाशी आगटीचा कोनाडा, काजळीने अजून काळा. आसपासच्या पाचोळ्यात चुलीचे बिडाचे झाकण, एनॅमलच्या परातीचा टवका, लोणच्या-मुरंब्याच्या बरणीची निळसर काच, बुटाचा तळ.

आणि घरापासून जरा वर, चढावर, जमिनीवर हिरव्या वेलीचा गालिचा पसरलेला दिसला तर पाऊल जपून टाकावे. ती व्हिंका, आपल्या सदाफुलीच्या गोत्रातली. तिथल्या बायका ती कबरींवर लावीत. वेल बाराही महिने हिरवी राहते. तिच्यात गुडघ्याइतक्या उंचीचे ओबडधोबड दगड उभे असतात. डोक्याशी एक, पायाशी एक. बहुतेकांवर अक्षर नाही. दोन दगडांतले अंतर हातभरच असले तर ते कोणाचे हे सांगायला अक्षर लागत नाही.

ती माणसे

डोंगराच्या दोन सोंडांमधल्या चिंचोळ्या घळीला तिथे ‘हॉलो’ म्हणतात. निकल्सन हॉलो, कॉर्बिन हॉलो, वीकली हॉलो अशी आडनावांवरूनच नावे पडली. मोनाकन आणि मनाहोआक या मूळच्या लोकांचा हा मुलूख; त्यांना मागे सारून अठराव्या शतकात जर्मन, इंग्रज, स्कॉट-आयरिश घराणी इथे चढली. ओल्ड रॅग डोंगराच्या पायथ्याशी टपालघर, शाळा आणि देवळे असलेले चांगले नांदते गाव होते. निकल्सन हॉलोला ‘फ्री स्टेट’ म्हणत; कारण, म्हणे, शेरीफसुद्धा तिथे पाऊल टाकायला बिचकत असे.

खाऊनपिऊन सुखी म्हणावे असे हे लोक नव्हते आणि भिकारीही नव्हते. मका, कोबी, बटाटे, सफरचंदे, मोकाट चरणारी डुकरे. ओक आणि चेस्टनटची साल सोलून कातडे कमावणाऱ्या कारखान्यांना विकायची. चोरून गाळलेली दारू विकायची. आणि चेस्टनटची फळे. या फळांच्या पोत्यांवर पोरांचे हिवाळ्याचे बूट येत. १९०४ मध्ये न्यू यॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या झाडांवर एक बुरशी आढळली. तिने पुढच्या तीसएक वर्षांत अमेरिकेतले अब्जावधी चेस्टनट मारले. ब्ल्यू रिजच्या डोंगरावरचेही मेले. घराचा एक खांब असा माणसांच्या आधी निसर्गानेच काढून घेतला.

दुसरा सरकारने काढला. पूर्वेकडच्या शहरवासीयांसाठी एक राष्ट्रीय उद्यान असावे ही १९२० नंतरची टूम. स्कायलँड नावाचे थंड हवेचे हॉटेल चालविणारे जॉर्ज फ्रीमन पोलॉक आणि त्यांचे व्यापारी मित्र यांनी ती उचलून धरली. १९२४ मध्ये नेमलेल्या समितीला या मंडळींनी जी प्रश्नावली भरून दिली तीत, इथे काही किरकोळ डोंगरी शेते आहेत, त्यांची फारशी किंमत नाही, अशा आशयाचे उत्तर होते. एका वाक्यात शेकडो चुली निकालात निघाल्या! १९२६ मध्ये काँग्रेसने उद्यानाला मंजुरी दिली. पण जमिनीसाठी केंद्राचा पैसा मिळणार नाही, व्हर्जिनियाने ती विकत घेऊन भेट द्यावी अशी अट घातली. सहा डॉलरला एक एकर या दराने लोकांकडून वर्गणी गोळा झाली. हजाराहून अधिक तुकड्यांच्या मालकांशी एकेकट्याने घासाघीस कोण करणार? म्हणून १९२८ मध्ये राज्याने कायदा केला आणि सगळी जमीन सरसकट संपादन केली.

प्रथम लोकांना असे सांगण्यात आले होते, की तुमची अडचण होत नसेल तर तुम्ही राहू शकाल. १९३४ मध्ये उद्यान खात्याच्या संचालकांनी निर्णय फिरवला: सगळ्यांनी निघायचे. त्या वर्षीच्या मोजणीत ४६५ कुटुंबे डोंगरावर होती. पुष्कळजण त्याआधीच उतरून गेले होते. उरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक जमिनीचे मालकच नव्हते. कोणी खंडाने, कोणी राखणदारीवर, कोणी नुसतेच राहिलेले. भरपाई मालकाला मिळते. ज्याच्या नावावर कागद नाही त्याच्या हातात काय पडणार?

रॉबर्ट व्हाया नावाचा एक बागाईतदार हे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेला आणि १९३५ मध्ये हरला. त्याच वर्षी मेलँक्थन क्लायसर या गृहस्थाला शेरीफच्या माणसांनी बेड्या घालून घराबाहेर काढले. घाटरस्त्याच्या कडेला त्याचा पेट्रोलपंप आणि खाणावळ होती. बेड्या पडत असता तो अमेरिकेचे राष्ट्रगीत म्हणत होता. २६ डिसेंबर १९३५ रोजी उद्यान रीतसर अस्तित्वात आले आणि ३ जुलै १९३६ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बिग मेडोज येथे त्याचे उद्घाटन केले. ज्या बेकार तरुणांच्या पलटणीने उद्यानात रस्त्याचे कठडे आणि पाऊलवाटा बांधल्या, तिनेच लोक परत येऊ नयेत म्हणून पुष्कळ घरे मोडली आणि जाळली. पायथ्याशी सरकारी वसाहती उभारल्या, त्यांत काही कुटुंबे गेली. चाळीसएक म्हाताऱ्याकोताऱ्यांना मरेपर्यंत राहण्याची मुभा मिळाली. त्यांतल्या शेवटच्या, अॅनी शेंक, १९७९ मध्ये ९२ वर्षांच्या होऊन वारल्या.

आपल्याकडे उजनी धरणाचे पाणी आटले, की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि भोवतालचे लोक ते पाहायला जातात. गाव पाण्यात गेले हे निदान साऱ्यांना ठाऊक असते. झाडाखाली गेलेल्या गावाचे तसे नाही. पाणी दिसते, रान मात्र पाहणाऱ्याला आपण अनादि आहोत असे भासवते. १९७६ मध्ये तर उद्यानाचा सुमारे चाळीस टक्के भाग कायद्यानेच ‘वाइल्डरनेस’ ठरला. माणूस जिथे पाहुणा म्हणून येतो आणि मुक्कामाला राहत नाही अशी भूमी, हा त्या शब्दाचा १९६४ च्या कायद्यातला आशय आहे. त्या हद्दीतही धुराडी आहेत.

खिडक्यांसाठी अर्ज

निघण्याच्या त्या वर्षांत डोंगरावरच्या लोकांनी उद्यानाच्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली. जवळपास तीनशे पत्रे दप्तरात टिकून राहिली. कॅट्रिना पॉवेल या प्राध्यापिकेने ती २००९ मध्ये पुस्तकरूपाने छापली. पुस्तकाचे नाव ‘आन्सर अॅट वन्स’, म्हणजे ‘ताबडतोब उत्तर द्या’.

त्यांत क्रांतीची भाषा नाही. मागण्या अगदी घरगुती आहेत. घर सोडतो आहोत, तर त्याच्या खिडक्या-दारे काढून नेता येतील काय? पेरलेले पीक काढेपर्यंत थांबू का? झाडावरची सफरचंदे आमची की सरकारची? शेजाऱ्याने आमच्या रिकाम्या घराची फळी नेली, त्याला समज द्यावी. आपल्याच हाताने बसवलेली खिडकी नेण्यासाठी परवानगी मागायची, आणि ती मिळेलच असे नाही. कारण कागदोपत्री ते घर आता सरकारी. पत्रे पेन्सिलीने लिहिलेली, शुद्धलेखन जेमतेम. पण कोणाला काय विचारायचे आणि कोणत्या अधिकाऱ्याने पूर्वी काय कबूल केले होते, याविषयी लिहिणाऱ्यांचा गोंधळ झालेला नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की तेव्हा शहरात या लोकांची अगदी निराळी ख्याती पसरवली गेली होती. मँडेल शर्मन हे मानसशास्त्रज्ञ आणि टॉमस हेन्री हे पत्रकार यांचे ‘हॉलो फोक’ हे पुस्तक १९३३ मध्ये निघाले. या घळींतले लोक जगापासून तुटलेले, निरक्षर, शतकानुशतके मागे राहिलेले, असे त्यात रंगवले होते. सर्वांत खालची पायरी कॉर्बिन हॉलोची, अर्थात बदललेल्या नावाने. आता कॉर्बिन हॉलोचे लोक गरीब होते हे खरे. पण ते स्कायलँडच्या हॉटेलात मोलमजुरी करीत, तिथल्या पाहुण्यांना टोपल्या विणून विकीत. वॉशिंग्टनच्या बड्या लोकांच्या दारात ज्यांची रोजची ये-जा, ते जगापासून तुटलेले कसे? १९३५ मध्ये आर्थर रॉथस्टीन हा वीस वर्षांचा छायाचित्रकार सरकारी कामगिरीवर तिथे गेला. त्याने काढलेली चित्रे आजही पाहणाऱ्याच्या काळजाला हात घालतात. पण फाटक्या कपड्यांतली पोरे पाहून ‘यांना बाहेर काढणे हे उपकारच’ असे म्हणणाऱ्यांची सोय त्यांनीही झाली. माणसाला घराबाहेर काढण्यापूर्वी ते घर राहण्याच्या लायकीचे नाही असे ठरवून घ्यावे लागते. ही रीत जगभर एकच दिसते.

या ख्यातीला उत्तर दिले ते जमिनीने. १९९० च्या दशकात ऑड्री हॉर्निंग या पुरातत्त्वज्ञ बाईंनी निकल्सन, कॉर्बिन आणि वीकली या तीन घळींतली घरठाणे पद्धतशीरपणे तपासली. भटक्याला पाचोळ्यात जे तुकडे दिसतात तेच त्यांनी मोजले, नोंदले. काय निघाले? नक्षीच्या बशा. औषधांच्या बाटल्या. टपालाने मागवलेली खेळणी. मोटारीचे सुटे भाग. ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे तुकडे. जगाचा वारा न लागलेल्या माणसाच्या उकिरड्यात तबकडी सापडत नसते.

विस्थापितांच्या मुलानातवंडांनी १९९४ मध्ये ‘चिल्ड्रन ऑफ शेनंडोआ’ ही संस्था काढली आणि उद्यानाच्या प्रदर्शनातून आपल्या आजी-आजोबांचे जे चित्र उभे केले जात होते त्याला हरकत घेतली. दप्तर उघडा, अशी त्यांची मागणी होती. पुढे प्रदर्शन बदलले. उद्यानाची जमीन ज्या आठ काउंट्यांतून घेतली तिथे या घराण्यांची स्मारके उभारण्याचा उपक्रम नंतर सुरू झाला. पहिले स्मारक मॅडिसन काउंटीत २०१५ मध्ये झाले. स्मारक म्हणजे पुतळा नाही, दगडी धुराडे आहे. त्यावर आडनावे कोरली आहेत.

पन्नास वार

रानात सापडलेली वस्तू घरी नेण्याचा मोह मोठा असतो. बरणीची निळी काच, दाराची बिजागरी, पोरांची गोटी. खिशात सहज मावणाऱ्या गोष्टी. उद्यानातून खिळासुद्धा उचलणे गुन्हा आहे. शिवाय १९७९ च्या कायद्याने शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूंना पुरातत्त्वीय ठेव्याचे संरक्षण मिळते. त्यामुळे मौज अशी झाली आहे, की कोणा बाईने १९१५ च्या सुमाराला वैतागून परसात फेकलेली फुटकी परात आता कायद्याने जपलेली पुराणवस्तू ठरली. ज्या सरकारने तिला परातीसह घर सोडायला लावले तेच आता परातीचे रखवालदार. पण रखवाली हवीच. वस्तू जागेवर असली तर ती सांगते की इथे मोरी होती, इथे चूल होती. खिशात गेली की ती नुसती काच.

उद्यानाच्या हद्दीत शंभराहून अधिक दफनभूमी आहेत. काहींची देखभाल त्या त्या घराण्यांची माणसे अजून करतात; झाडाच्या फांद्या तोडतात, पडलेले दगड उभे करतात, फुले ठेवतात. आडवाटेने हिंडणाऱ्याला कधी निबिड रानात असा एखादा झाडलेला, स्वच्छ चौकोन लागतो. तिथे पन्नास वारांचा हिशेब कोणी फीत लावून करीत नाही. माणूस आपण होऊन चांगला शंभर-दोनशे वार पुढे जातो.

छपराखालीच झोपायचे असेल तर निकल्सन हॉलोत एक सोय आहे. १९१० मध्ये जॉर्ज कॉर्बिन याने ह्यूज नदीच्या काठी ओंडक्यांचे दुमजली घर बांधले. १९३८ मध्ये त्याला ते सोडावे लागले. शेजारची बहुतेक घरे गेली, हे कसेबसे राहिले. आणि १९५० च्या दशकात पोटोमॅक अॅपलेशियन ट्रेल क्लब या भटक्यांच्या संस्थेने ते दुरुस्त केले. संस्था ते पायी येणाऱ्यांना भाड्याने देत आली आहे. स्कायलाइन ड्राइव्हवरून दीडएक मैल उतरून जावे लागते, आणि परतीला तितकेच चढून यावे लागते. वीज नाही. पाणी बाहेरच्या प्रवाहाचे, ते उकळून प्यायचे. आत लाकडाची चूल आहे. जाण्यापूर्वी नोंदणी करावी लागते, किल्ली क्लबाकडून घ्यावी लागते, आणि निघताना घर झाडून, चुलीतली राख काढून, पुढच्या माणसासाठी फोडलेली लाकडे रचून ठेवावी लागतात.